हिराबाईंचं पाळणाघर आणि मी लिहिलेला कागद

आमच्या जांबे गावात आजही कुणी मुन्नीचं नाव काढलं, की पाठोपाठ एक वाक्य येतं, ‘तिनं हिराबाईचं पाळणाघर खाल्लं.’ चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, पाण्याच्या टँकरपाशी मी ते ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी खाली मान घालून पुढे गेलो आहे. हिराबाईंच्या दहाव्याला मुन्नी आली, तेव्हा बायका तिच्यापासून सरकून बसल्या. तेव्हाही मी गप्पच होतो. त्यालाही आता वर्ष होत आलं. ते वाक्य खोटं आहे. मला ते पक्कं ठाऊक आहे, कारण पाळणाघर ज्या कागदामुळे गेलं तो मी लिहिला होता. पण एवढंच सांगून भागायचं नाही. हिराबाई कशा होत्या हे सांगितल्याशिवाय काय गेलं ते कुणाला कळणार नाही.

बबनरावांच्या चाळवजा इमारतीत, माझ्या घरासमोर, तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढचा ओटा एवढंच त्यांचं पाळणाघर. पाटी नव्हती. ओट्याला कंबरेएवढ्या उंचीवर एक जुनी जाळी ताणून बांधलेली असे. मेंढपाळ लोक मुक्कामाला मेंढरांभोवती उभारतात ती वाघूर. हिराबाईंचं सगळं घराणं मेंढरांमागे हिंडलेलं. मेंढरं विकली तरी ही जाळी त्यांनी विकली नाही. तिच्या आत हिंजवडीच्या इंजिनियरांची पोरं आणि बांधकामावरच्या गवंड्यांची पोरं एकाच सतरंजीवर लोळत असत. नव्याने येणाऱ्या एखाद्या आईला ते खटकायचं. हिराबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, “माझ्याकडं रांगणारी आन् चालणारी अशा दोनच जाती हायत.”

उंच, काटक बाई. कपाळावर गोंदण, दात मिश्रीने काळे. बोलणं असं, की नवख्या माणसाला भांडतायत असं वाटावं. एकदा चष्मेवाली एक तरुण आई लेकराला घेऊन आली आणि अगदी अदबीने विचारू लागली, “आजी, दिवसभराचं शेड्यूल काय असतं बेबीचं?”

“खातंय, झोपतंय, हगतंय,” हिराबाई म्हणाल्या. “तुमचं काय असतंय?”

ती बाई आधी लाल झाली, मग खुदकन हसली आणि लेकरू ठेवून गेली.

त्यांची एक अट होती. मूल पहिल्यांदा ठेवायला येणाऱ्या आईने अंगावरचं, न धुतलेलं काहीतरी आणून द्यायचं. ओढणी, जुना टीशर्ट, काहीही. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीने जवळ घ्यावं म्हणून मेंढपाळ वासाची युक्ती करतात, त्यातली ही गोष्ट. मूल रडायला लागलं, की त्याच्या आईचं कापड काढून त्याच्या अंगाखाली घालायचं. एका फळीवर या कपड्यांच्या घड्या असत. कुणाचं कुठलं हे त्या कापड नाकाला लावून सांगत. कधी चुकतही. मग मूल आणखी मोठ्याने रडे आणि हिराबाई त्यालाच शिव्या देत.

सगळंच काही गोड होतं असं नाही. त्या खोटं बोलत. साखर देऊ नका असं बजावून गेलेल्या आईच्या पोराला दुपारी गुळाचा चहा बशीतून पाजत आणि संध्याकाळी “पाण्याबिगर कायबी दिलं न्हाई” असं तोंडावर सांगत. पोराच्या ओठावर चहाची मिशी असे. उशिरा येणाऱ्या आईबापांना रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत. मात्र आई येईपर्यंत पोर कडेवरून खाली ठेवत नसत.

एका बापाने स्वखर्चाने पाळणाघरात कॅमेरा बसवला. कंपनीत बसल्याबसल्या मोबाईलवर मुलगा दिसावा म्हणून. अमेय त्याचं नाव. आम्हाला वाटलं, हिराबाई आता जाळीच्या बांबूनेच तो कॅमेरा पाडतील. तसं झालं नाही. त्या त्याच्याशी बोलायला लागल्या. जेवण उरकलं, की पोराला काखेत मारून कॅमेऱ्यासमोर जात आणि ओरडत, “ए अमेय, बघतुयास न्हवं? खाल्लं ह्यानं समदं. आता तूबी खा. आन् काम कर, हिकडं काय बघतुयास दिवसभर!” महिनाभराने अमेय स्वतःच कॅमेरा काढून घेऊन गेला. मीटिंगमध्ये आवाज बंद करायचा राहून गेला होता म्हणे.

मुलं मोजायची नाहीत, हाही त्यांचा एक हट्ट. कळप मोजला की त्याला दृष्ट लागते, असं त्यांच्याकडे मानतात. मेंढका नजर फिरवतो आणि त्याला कमी-जास्त कळतं. हिराबाईही तशीच नजर फिरवत. आणि एक दिवस नजर चुकली. एक पोरगी वाघुरीखालून निसटून रस्त्यापलीकडच्या खडीच्या ढिगापर्यंत गेली. खडीचा डंपर मागे येत होता. ड्रायव्हरला बाजूच्या कुणीतरी ओरडून थांबवलं. हिराबाई धावत गेल्या, पोरीला उचलून आणलं आणि ओट्यावर मटकन बसल्या. त्या दिवशी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मुन्नी त्यानंतर मदतीला आली. बिहारकडची, नवरा गवंडी, तिचं स्वतःचं मूलही इथेच असायचं. हिराबाईंनी तिला एकच काम सांगितलं, “मी मोजणार न्हाई. तू मोज.” मुन्नी प्रत्येक डोक्याला हात लावत हिंदीतून मोजायची आणि हिराबाई तेवढा वेळ तोंड फिरवून उभ्या राहायच्या. हळूहळू मुन्नी आमची मराठी शिकली, तीही हिराबाईंची. “ए मावशी, ह्यो कसा रडतुया देख ना,” असं काहीतरी तिचं चाले. हिराबाई तिला मुने म्हणत. दोघी दिवसभर भांडत, पण जेवायला बसताना एकमेकींची वाट बघत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी आयुष्यभर पौडला एका वकिलाकडे कारकून होतो. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, साठेखतं आणि सगळ्यात जास्त कुलमुखत्यारपत्रं मी टाइप केली. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणं. कागद साधाच. पण आमच्या मुळशीत तो शब्द काढला की म्हातारी माणसं उठून जातात. जमिनींना भाव आला तेव्हा एजंट लोक याच कागदावर अंगठे घेऊन गेले. विकणे, गहाण ठेवणे, ताबा देणे, सगळे अधिकार त्यात भरलेले असत. अंगठा देणाऱ्याला वाटे, सातबारा काढायला सही दिली. मी हे सगळं ओळीने टाइप केलं. समोर बसलेल्या माणसाला कधी म्हटलं नाही, की बाबा, हे वाचून घे. हिराबाईंच्या नवऱ्याची डोंगरावरची जमीनही अशीच गेली, आणि तो कागदही आमच्याच ऑफिसातला होता.

हे हिराबाईंना ठाऊक होतं. तरी त्या माझ्याकडेच आल्या.

“अण्णा, डागदर म्हणतुया हृदयाची झडप खराब झालीया. आपरेशन सांगितलंय.”

“मग करून घ्या. उशीर करू नका.”

“करते की. पर तवर हितं कोण बघणार? ह्या आया काय कंपनीत सांगणार हायत व्हय, आमची म्हातारी दवाखान्यात हाय म्हणून?”

“दत्तू आहे की.” दत्तू त्यांचा मुलगा. भूगावला फ्लॅटमध्ये राहायचा. आईने लोकांच्या पोरांचा शेंबूड पुसणं त्याला कमीपणाचं वाटे.

“दत्तू पैल्या दिवशी कुलूप लावंल. मुन्नीच्या नावानं लिवा. मुखत्यारपत्र.”

मी दचकलो. “हिराबाई, हा शब्द तुम्ही कसा काय काढता?”

“तुमच्याच हापिसात शिकले,” त्या हसल्या. “त्या कागदानं जमीन गेली. माझा मालक मागनं गेला. म्हणून तर तुमच्याकडं आले. ह्यो कागुद कसा चावतुया ते तुमच्याएवढं कुणाला ठावं हाय?”

“काय काय लिहायचं?”

“समदं. मी जे करते ते समदं तिनं करायचं. बँक, लाईटबिल, झाडलोटीच्या बायांचे पगार, घरमालकाबरबरचा करार. मी मेलेच तर गोष्ट येगळी. पर मी जित्ती असताना पोरं रस्त्यावर याला नकोत.”

“समदं लिहायचं नसतं, बाई.”

“लिवा हो तुमी.”

मी घरी बसून मसुदा केला. आणि कुणास ठाऊक काय झालं, आयुष्यभर टाइप केलेले सगळे कागद एकदम माझ्या मानेवर बसल्यासारखे वाटले. मला हिराबाईंच्या नवऱ्याचा तो डोंगर दिसायला लागला, त्यावर उठलेले बंगले दिसायला लागले. मुन्नी परप्रांतातली, नवऱ्याचं काम आज इथे उद्या तिथे. तिने जागेचा करार स्वतःच्या नावावर करून घेतला तर? हिराबाई बऱ्या होऊन आल्या आणि दारात दुसऱ्याचं कुलूप असलं तर? बँक, वीजबिल, पगार, परवाना हे सगळं मी लिहिलं. आणि शेवटी एक ओळ घातली, की जागेबाबत कोणताही करार करण्याचा किंवा त्याची मुदत वाढवण्याचा अधिकार मुन्नीला राहणार नाही. ही ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं. या खेपेला तरी मी कुणाला फसू दिलं नाही, असं वाटलं.

पौडला नोटरीसमोर मी कागद वाचून दाखवला. हिराबाईंना अक्षर लागत होतं, पण सलग वाचता येत नसे. शेवटच्या ओळीपाशी आलो, तेव्हा माझ्या तोंडून “इत्यादी इत्यादी” निघालं. त्या विचारतील आणि भांडतील, म्हणून. आयुष्यभर ऑफिसात आम्ही असंच वाचत आलो होतो. तोंडाला तीच सवय होती.

“समदं आलं न्हवं?” त्यांनी विचारलं.

“आलं,” मी म्हणालो.

त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सही केली. मुन्नीने केली. मग समोरच्या हॉटेलात हिराबाईंनी आम्हा दोघांना मिसळ खायला घातली आणि जास्तीचा रस्सा मागताना वेटरशी वाद घातला.

ऑपरेशन झालं, पण जखमेत पू झाला. पंधरवड्यात येते म्हणून गेलेल्या हिराबाई पुण्यातल्या दवाखान्यात अडकून पडल्या. नाकात नळी, हाताला सुया, भेटायला कुणाला सोडत नाहीत. इकडे मुन्नी पाळणाघर चालवत होती. तिचा आवाज हिराबाईंसारखा फुटत नसे, पण बाकी सगळं तसंच. आईबापांनी मुलं काढली नाहीत. आणि नेमकी जागेच्या कराराची मुदत संपत आली. बबनरावांकडे एक जिमवाला दुप्पट भाडं घेऊन येऊन गेला होता, हे साऱ्या आळीला माहीत होतं. तरी हिराबाईंना जागेतून काढायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांना एक निमित्त हवं होतं. ते मी लिहून ठेवलं होतं.

मुन्नी कागद घेऊन माझ्याकडे आली. काखेत कुणाचं तरी लेकरू.

“बाबूजी, मालक बोलतोय तुजी सही चालनार न्हाई. क्यों न्हाई चालनार? ह्यो कागज तुमी लिव्हला ना? ह्यात काय कमी हाय?”

मी चष्मा शोधायचं नाटक केलं. कागद उलटसुलट केला. म्हणालो, “कायद्याचं असतं ते, मुन्नी. हिराबाईंचीच सही लागेल.”

“मावशी तो बेहोस हाय.”

“मग थांबायला सांग त्यांना.”

“मी सांगू? माजं ऐकंल तो?” ती माझ्याकडे बघत राहिली. “तुमी सांगा ना. तुमी गाववाले हायत.”

मी गेलो असतो तर बबनराव थांबले असते. ते माझ्यापेक्षा वयाने लहान, मला मान देणारे. पण गेलो असतो तर ती ओळ कुणी आणि का घातली, हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, बघतो. आणि गेलो नाही.

बबनरावांनी खोल्या रिकाम्या करून घेतल्या तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. सतरंज्या, पाळणे, डबे रस्त्यावर आले. फळीवरच्या त्या ओढण्या आणि टीशर्टही एका ढिगात पडले होते. मुन्नी ते उचलून नाकाशी नेत होती आणि कुठलं कुणाचं ते लावायला बघत होती. तिला ते जमत नव्हतं. संध्याकाळी आया आल्या आणि दारातूनच पोरं घेऊन गेल्या. ज्यांना दुसरीकडे परवडत नव्हतं, अशा चार-दोन जणींनी दुसऱ्या दिवशी पोरं मुन्नीच्या खोलीवर नेऊन सोडली. तिने ठेवून घेतली. दुसरं काय करणार होती ती?

गावाला तेवढं पुरलं. मुखत्यारपत्र झालं होतं हे सगळ्यांना कळलेलं, आणि मुखत्यारपत्राने काय होतं ते मुळशीत शिकवावं लागत नाही. बाहेरची बाई आली, कागद करून घेतला, म्हातारीचं पाळणाघर बुडवलं आणि पोरं पळवून आपल्या घरी धंदा मांडला. इतकी सरळ गोष्ट कोण सोडील? दत्तूने दवाखान्यात आईला हीच सांगितली. हिराबाई बऱ्या होऊन भूगावला त्याच्याकडे गेल्या. मुन्नी एकदा तिथे भेटायला गेली, तेव्हा त्यांनी तिला दारातूनच माघारी लावलं.

ते माझ्या कानावर आलं. तरीही त्यांच्याकडे जायला मला पुढचा पावसाळा लागला.

दत्तूचा फ्लॅट बराच वर, लिफ्टने जायचं. दत्तू कामाला गेलेला. सुनेने चहा ठेवला आणि ती आत गेली. हिराबाई सोफ्याच्या कडेला, जणू उठून निघायच्या बेतात असल्यासारख्या बसल्या होत्या. अंगावर मांस राहिलं नव्हतं. घर स्वच्छ आणि शांत होतं. मी चहा निवू दिला आणि सगळं सांगितलं. ती ओळ, ते इत्यादी, आणि बबनरावांकडे न जाणंही.

हिराबाईंनी आधी एवढंच पक्कं करून घेतलं.

“म्हंजे मुन्नीनं काय केलं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“आन् मी तिला दारातनं माघारी लावली.”

मी म्हणालो, “मला वाटलं, तुमच्या भल्यासाठी...”

“माझ्या मालकाच्या वक्ताला न्हाई सुचलं भलं?”

आवाज चढवून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी सावकाश म्हणाल्या.

“तुमी भिऊन केलंसा, अण्णा. ते मला कळतंय. पर मला इचारायचं हुतं. कागुद माझा हुता. पोरं माझी हुती. मुन्नीबी माझीच हुती.” मग म्हणाल्या, “गावात सांगणार का?”

“सांगतो.”

“कवा?”

मी निवलेला चहा उचलून प्यायलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

“फोन लावा तिला,” त्या म्हणाल्या.

मी मुन्नीचा नंबर लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानापासून जरा लांब धरला. पलीकडून आधी पोरांचा कालवा ऐकू आला, मग मुन्नीचा आवाज.

“मुने,” हिराबाई म्हणाल्या. “काय न्हाई. जेवलीस का?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मुन्नी रडत असावी. मागे एक पोर भोकाड पसरून रडत होतं, दुसरं ताट वाजवत होतं. हिराबाईंनी फोन ठेवला नाही. नुसत्या ऐकत राहिल्या. पुष्कळ वेळाने त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, “त्या रडणाऱ्याला भूक न्हाई, झोप आलीया. तिला सांगायचं राहिलं.”

मी निघालो तेव्हा नको नको म्हणत असतानाही त्या लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. भिंतीला हात लावत चालत होत्या. लिफ्ट उघडली आणि आतून शेजारची एक तरुण बाई बाहेर आली. एका हातात भाजीच्या पिशव्या, दुसऱ्या हातावर रडून लाल झालेलं लहान मूल. हिराबाईंचे दोन्ही हात आपसूक पुढे झाले.

ती बाई कसंनुसं हसली. “नको, आजी, मी घेते,” असं म्हणून तिने मूल दुसऱ्या खांद्यावर वळवून घेतलं आणि किल्ली काढत आपल्या दाराकडे गेली.

मी लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद होताना मला दिसलं ते एवढंच. हिराबाई शेजारणीच्या बंद झालेल्या दाराकडे बघत उभ्या होत्या आणि हात अजून तसेच पुढे होते.